मगर गरम, हजर जहर आणि नवऱ्याचा वानर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सकाळच्या चहाबरोबर पेपरातली विस्कटलेली अक्षरं जुळवल्याशिवाय माझा दिवसच सुरू होत नाही, आणि हे व्यसन अजून कोणाला आहे का असं विचारलं, तर पत्रांचा आणि मेलचा असा ढीग आला की संपादक म्हणाले, बाई, या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाका. 'सदर'ची अक्षरं हलवली की 'रसद' होते, ती तुम्ही भरपूर पुरवलीत. काही पत्रं छाटलीत, राग मानू नका. मी स्वतः बरीच वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत अक्षरजुळणीची कोडी करून द्यायचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते, सोडवणाऱ्याच्याही आणि छळणाऱ्याच्याही.

ताई, मी नाशिकची. सध्या सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेय. जावई इंग्रजी पेपर घेतात, त्यात रोज जंबल असतं. चारातले तीन शब्द येतात, चौथ्यावर गाडी अडते, आणि खाली ते चित्र असतं ना, त्याचं उत्तर तर आजवर एकदाही आलेलं नाही. नोकरी बँकेत झाली, इंग्रजी बरं आहे माझं. मग चुकतंय कुठे?
– एक आजी, वय ६८

आजी, तुमचं काहीच चुकत नाहीये, ते चित्र तिथे तुम्हाला चकवायलाच बसवलंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, जंबल हे अमेरिकन पेपरातलं फार जुनं कोडं, मार्टिन नायडेल यांनी १९५४ मध्ये सुरू केलं, तेव्हा नाव 'स्क्रॅम्बल' होतं. हल्ली शब्दांचं काम डेव्हिड हॉइट आणि चित्राचं जेफ नुरेक बघतात. रोज चार शब्द, दोन पाच अक्षरी, दोन सहा अक्षरी, काही चौकटींत गोल, त्या गोलातली अक्षरं वेगळी काढायची आणि परत जुळवायची की चित्राखालच्या वाक्याचं उत्तर तयार. रविवारी सहा शब्द, सगळे सहा अक्षरी.

आधी अडलेल्या चौथ्या शब्दाचं बघू. पाच वेगवेगळी अक्षरं १२० प्रकारे मांडता येतात आणि सहा ७२० प्रकारे, म्हणजे एकेक करून बघत बसलात तर व्हिसा संपेल. आणि मुख्य गंमत अशी की छापलेला क्रम बरेचदा मुद्दाम उच्चारता येईल असा ठेवलेला असतो, मग तो एकदा तोंडात बसला की सुटत नाही. मी एकदा मुलांना शिकवताना एफ-ई-के-आय-एन अशी अक्षरं फळ्यावर लिहिली, सगळा वर्ग 'फेकीन, फेकीन' करत बसला, दहा मिनिटं कोणाला दिसेना की ही साधी सुरी आहे, के-एन-आय-एफ-ई, नाईफ. म्हणून पहिलं काम काय, तर तो छापलेला क्रम मोडायचा. पेपराच्या कडेला तीच अक्षरं गोलात लिहा, घड्याळाच्या आकड्यांसारखी, म्हणजे सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हेच डोळ्यांना कळत नाही आणि ते निमूट शोधायला लागतात. नाहीतर स्वर एका ओळीत, व्यंजनं दुसऱ्या ओळीत. मग जोड्या बघा, एस-एच, सी-के, टी-एच, जी-एच, शेवटाला ओ-डब्ल्यू, एल-वाय, ई-आर. डी-ए-डब्ल्यू-एस-एच-ओ मधून एस-एच पुढे काढलं आणि ओ-डब्ल्यू मागे ढकललं की मधे ए आणि डी उरतात, शॅडो. आणि शाळेत बाईंनी घोकून घेतलेला 'सायलेंट के' आठवा, तो तुमच्या कामी येणार आहे, अमेरिकन माणूस ते कधीच विसरलाय.

एखादं अक्षर दोनदा असलं की घाबरू नका, उलट खूश व्हा. 'लेटर' या शब्दात टी दोन, ई दोन, तर ७२० ऐवजी फक्त १८० मांडण्या उरतात.

आता चित्र. उत्तर अवतरणचिन्हात असलं की समजायचं, शब्दाचा खेळ आहे, सरळ अर्थ नाही. समजा चित्रात पाव भाजणारा दमून बसलाय आणि प्रश्न आहे की त्याने दुसरी बेकरी का धरली, तर उत्तर येईल की त्याने 'डो नीड केला'. नीड म्हणजे गरज आणि नीड म्हणजे कणीक मळणं, स्पेलिंग वेगळं, कानाला एकच, आणि डो म्हणजे मळलेलं पीठ पण आणि बोलीभाषेत पैसा पण. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, कानांनी नाही, म्हणून ही कोटी आपल्याला दिसत नाही, आणि त्यात ते बेसबॉलवर गेले की संपलंच. तर तुम्ही उलटीकडून या. शब्दांना हात लावायच्या आधी चित्राखालचं वाक्य मोठ्याने वाचा, जावयांना नाही, स्वतःला, आणि उत्तर काय असेल याचा अंदाज करा, चौकटी मोजा, किती अक्षरांचे किती शब्द हे तिथे दिसतंच. अंदाज लागला तर त्यातून अडलेल्या चौथ्या शब्दाच्या गोलातलं अक्षर फुकटात मिळतं. मी तर निम्म्या वेळा असंच करते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

एका इंग्रजी पेपरच्या मुलांच्या पुरवणीत अक्षरं होती एच-टी-जी-आय-एन. माझ्या लेकीने 'नाईट' लिहून पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात उत्तर छापलं 'थिंग'. ती दोन दिवस जेवली नाही नीट. बरोबर कोण?
– एक बाबा, सोलापूर

दोघंही. चूक कोडं करणाऱ्याची. एन-आय-जी-एच-टी ही पाच अक्षरं घेऊन नाईट पण होतं आणि थिंग पण, तसंच अर्थ आणि हार्ट, म्हणजे पृथ्वी आणि हृदय. चांगलं कोडं करणारा अक्षरं उधळायच्या आधी बघतो की दुसरा शब्द होत नाहीये ना, जंबलवाले हे कटाक्षाने पाळतात. लेकीला सांगा मी तिला पूर्ण मार्क दिलेत, आणि संपादकांना एक पत्र तिच्याच अक्षरात जाऊ दे.

नमस्कार मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो, तालुका जुन्नर. मुलांसाठी मराठीत अशी कोडी करायला गेलो पण पोरं बघता बघता सोडवतात, मजाच येत नाही. इंग्रजीत तसं होत नाही. मराठी सोपी आहे का?
– एक गुरुजी

सर, तुमचं पत्र वाचून मला माझे पहिले दिवस आठवले, मी पण असंच तोंडावर आपटले होते. मराठी सोपी नाहीये हो, पण मराठीत अक्षर आपलं सामान बरोबर घेऊन फिरतं. इंग्रजीत प्रत्येक अक्षर एकटं, उघडं, कुठेही बसेल. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं त्या अक्षराला चिकटलेलं, त्यामुळे ते स्वतःच ओरडून सांगतं मी कोण ते. 'महाराष्ट्र' इंग्रजीत लिहिलं तर अकरा अक्षरं, मराठीत चारच, म, हा, रा, ष्ट्र. चाराच्या मांडण्या २४, आणि त्यातही ष्ट्र ने मराठी शब्द सुरू होतच नाही, मग राहिलं काय? पोरं ष्ट्र बघूनच हसणार.

म्हणजे आधी हे बघा की शब्दात चुगलीखोर अक्षरं कुठली. ण आणि ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत (णमोकार मंत्र सोडा, ते प्राकृत), म्हणून ते दिसले की पोरगं ते मागे सरकवतं. सुटा अ किंवा आ दिसला तर तो जवळपास नक्की पहिला, उलट सुटा ई किंवा ऊ बरेचदा शेवटी, ताई, भाऊ, आणि पाऊस मात्र मधेच ऊ घेऊन बसलाय, तो एक चांगला त्रास देणारा शब्द आहे. पणा, दार, खोर, गिरी ही शेपटं ओळखीची. ही सगळी चिन्हं सोडवणाऱ्याच्या फायद्याची, आणि म्हणून तुम्ही कोडं करताना टाळायची.

मग घ्यायचं काय? ज्यांना काना मात्रा काहीच नाही असे सपाट शब्द घ्या. 'सरसकट' बघा, स, र, स, क, ट, एक अक्षर दोनदा, तरी ६० मांडण्या आणि धरायला कुठे हातच नाही. 'खडतर', 'अदलबदल', 'मनकवडा' (पहिल्यात अ आणि दुसऱ्यात डा चुगली करतो पण चालतंय). तीन अक्षरी सपाट शब्दात तर वेगळीच मजा, कारण दोन दोन उत्तरं निघतात, मग ती चूक न मानता प्रश्नच तसा करा, 'या तीन अक्षरांचे दोन शब्द करा'. म-ग-र चं मगर आणि गरम. ह-ज-र चं हजर आणि जहर. ग-ज-र चं गरज. क-म-ल चं कलम, म-द-न चं दमन, ह-व-न चं वहन. एका मुलाने मला असं वाक्य करून दाखवलं होतं की 'गरम पाण्यात मगर हजर', आणि मी त्याला दोन पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या.

आणि खरी धमाल करायची असेल तर अक्षरांचे कपडे उतरवा. म्हणजे असं, की व्यंजनं वेगळी द्या आणि काना वेगळा द्या, काना कोणाला लावायचा हे पोरं ठरवतील. व, न, र आणि एक काना. सहा मांडण्या गुणिले काना लावायच्या तीन जागा, १८ झाल्या, आणि त्यातून निघतो वानर आणि निघतो नवरा. हे मी एका महिला मंडळात करून दाखवलं तर कार्यक्रम पाच मिनिटं थांबवावा लागला. क, व, त, एक वेलांटी, एक काना घेतलं तर कविता होते आणि विकता होतं, कवी लोकांना हे आवडणार नाही. आणि सगळ्यात लहान पण सगळ्यात भारी म्हणजे र, म आणि एक काना. चारच मांडण्या होतात, राम, रमा, मार, मरा, आणि चारही शब्द चालतात, एक पण वाया जात नाही! मुलांना वाल्या कोळ्याची गोष्ट माहीत असतेच, राम म्हणता येईना म्हणून मरा मरा म्हणत बसला आणि त्याचं राम राम झालं, त्या गोष्टीतूनच सुरू करा, आपल्याकडची ही सगळ्यांना ठाऊक असलेली अक्षरांची उलटापालट आहे. जोडाक्षरं मात्र चौथीला फोडायला देऊ नका, र ला रफार करायचा का पायात द्यायचा यावर तुमची तासिका संपेल.

ताई, मी हिंजवडीत जॉब करतो. आईला रोजचं कोडं सोडवून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजीला झकास चालतो. मराठीला 'कविता' दिलं की उलटंसुलटं करून ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला काना दाखवतो. आई म्हणते तुझ्या कॉम्प्युटरला बाराखडी येत नाही.
– एक मुलगा

आई बरोबर बोलतेय. कॉम्प्युटरच्या लेखी 'कविता' म्हणजे तीन अक्षरं नाहीत, पाच खुणा आहेत, क, व, वेलांटी, त, काना, प्रत्येकाला युनिकोडमध्ये वेगळा नंबर. दिसताना वेलांटी व च्या आधी दिसते पण साठवताना व च्या नंतर असते. 'महाराष्ट्र' तर दहा खुणांचा, कारण पाय मोडल्याची खूण पण वेगळी मोजली जाते. तू त्या खुणा सुट्या उधळल्यास, मग काना बिचारा कोणाला धरणार, म्हणून तो ठिपक्यांच्या गोलावर लटकतो. आधी शब्दाचे तुकडे आई पाडते तसे पाड, व्यंजनाला त्याची मात्रा चिकटव, आणि पाय मोडला असेल तर पुढचं व्यंजनही त्याच तुकड्यात घे, मग ते तुकडे हलव.

आणि तू जर सगळ्या ७२० मांडण्या शब्दकोशात शोधत असशील तर थांब. सोपी युक्ती आहे, माझ्या भाच्याने मला कागदावर शिकवली. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लाव आणि ती त्याची किल्ली समज. मगर आणि गरम दोघांची किल्ली ग-म-र. आता कोड्यातली अक्षरं पण तशीच क्रमाने लाव आणि ती किल्ली कोणाकोणाची आहे ते बघ, एका झटक्यात सगळे शब्द हातात, ॲप आणि वेबसाईट उत्तर चुटकीसरशी देतात ते बहुतेक असंच. पण दादा, एक विचारते, आईने मागितला होता का प्रोग्रॅम? कारण मला कोणी रोज सकाळी उत्तर आणून दिलं तर मी त्याचा चहा बंद करेन.

केंब्रिज विपीद्याठाच्या संधशोनुनासार म्हणे पहिलं आणि शेवटचं अक्षर बरोबर असलं की मधली कशीही असली तरी मेंदू वाचतो. आमच्या ग्रुपवर हे दर दोन महिन्यांनी येतं. मग विस्कटलेली अक्षरं सोडवायला एवढा वेळ का लागतो?
– निवृत्त पोस्टमास्तर, रत्नागिरी

काका, तो फॉरवर्ड २००३ पासून फिरतोय, आधी इंग्रजीत, मग जगभर. केंब्रिजमध्येच भाषेवर काम करणारे मॅट डेव्हिस यांनी तेव्हा लिहून ठेवलंय की इथे असं काही संशोधन झाल्याचं आम्हाला माहीत नाही. त्याच्या जवळ जाणारं काम ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या १९७६ च्या प्रबंधात होतं, आणि ते नॉटिंगहॅम विद्यापीठात. फॉरवर्ड वाचता येतो कारण तो तसा शिजवलेला असतो. आहे, नाही, मला, घरी, काय असल्या दोन अक्षरी शब्दांत हलवायला मधे काही नसतंच, तीन अक्षरीत मधे एकच, ते कुठे जाणार? म्हणजे निम्मं वाक्य शाबूत असतं आणि उरलेलं तुम्ही संदर्भाने ओळखता. आता वाक्य काढून घ्या आणि एकटा 'मवकनडा' वाचून बघा बरं. वर गुरुजींच्या उत्तरात तो शब्द आलाय तरी क्षणभर अडखळलात ना? कोड्यात तुम्हाला ना वाक्य मिळतं ना पहिलं शेवटचं अक्षर, म्हणून वेळ लागतो.

रोज कोडी सोडवली तर विसरभोळेपणा होत नाही हे खरं का?
– अनेक जण

कोडी सोडवली की कोडी छान सोडवता येतात, एवढी खात्री मी देते. डोकं चालतं ठेवणाऱ्या लोकांना म्हातारपणी त्रास कमी होताना दिसतो, पण कोड्यामुळे तो कमी झाला की मुळात ज्यांचं डोकं ठीक आहे तेच कोडी सोडवत राहतात, हे नीट वेगळं काढता आलेलं नाही. मी रोज सोडवते आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. तब्येतीची काळजी वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, चालायला जा, कोडं मजेसाठी ठेवा.

आमचे अण्णा म्हणतात हे रिकामटेकड्यांचे उद्योग. त्यांना काय सांगू?
– एक सून, कऱ्हाड

अण्णांना गॅलिलिओची गोष्ट सांगा, चहा देता देता. १६१० मध्ये त्याला दुर्बिणीतून शनीच्या दोन बाजूंना काहीतरी दिसलं. लगेच जाहीर करावं तर खात्री नाही, गप्प बसावं तर दुसरा कोणी श्रेय घेईल. मग त्याने एक लॅटिन वाक्य घेतलं, 'सगळ्यात वरचा ग्रह मला तिहेरी दिसला' अशा अर्थाचं, त्याची ३७ अक्षरं पार विस्कटली आणि ती भेळ प्रागला पाठवून दिली. प्रागमध्ये होता केप्लर, ग्रहांच्या कक्षा मांडणारा केप्लर, तो सगळं सोडून अक्षरं जुळवत बसला, आणि ओढूनताणून एक लॅटिन ओळ त्याने काढली पण, तिचा अर्थ निघाला की मंगळाला दोन चंद्र आहेत! उत्तर साफ चुकलं. गॅलिलिओला दिसलं होतं ते पुढे शनीचं कडं निघालं. पण १८७७ मध्ये असाफ हॉल यांना मंगळाजवळ खरंच चंद्र सापडले, आणि तेही दोनच. योगायोगच, पण अण्णांना हे शेवटचं सांगायच्या आधी जरा थांबा, मजा येते.

केप्लर रिकामटेकडा होता का, हे मग त्यांनाच विचारा.

आमच्याकडे पेपर एकच येतो. मी डबे करून बाहेर येईपर्यंत हे बॉलपेनने कोडं भरून मोकळे. पेन्सिल वापरा म्हटलं तर म्हणतात मी चुकत नाही. चुकतात, आणि मग खाडाखोडीत अक्षरंच दिसत नाहीत. भांडून झालं. आता?
– एक गृहिणी, डोंबिवली

वहिनी, भांडण सोडा, हे माझ्याकडे पण बावीस वर्षं चाललं. रात्रीच कपाटातली पेनं तुमच्या पर्समध्ये. सकाळी पेपर दारात पडला की आधी मोबाईलवर कोड्याचा फोटो काढायचा, त्याला अर्धं मिनिट पुरतं, दूध तेवढ्यात उतू जात नाही. तुमचं तुम्ही डबे झाल्यावर निवांत कागदावर सोडवा, गोलात अक्षरं मांडून. आणि त्यांनी पेपर पुढे करून 'बघ, झालं माझं' म्हटलं की काही बोलू नका, शांतपणे एका कागदावर व, न, र लिहून द्या, शेजारी एक सुटा काना, आणि म्हणा, हे सोडवा बघू, दोन उत्तरं आहेत.